तिकिटाचे पैसे आले, गाडीभाड्याचं काय?

पहाटे पाचला दहा कमी असताना सातारा स्टेशनवरचा स्पीकर बोलला, घाटात रुळावर माती आलीय, गाडी इथनं पुढं जाणार नाही, आणि आमच्या डब्यात एकदम बॅगा ओढल्याचा आवाज सुरू झाला. मी आधी घड्याळ बघितलं. भाचीचं हडपसरला साडेआठचं रिपोर्टिंग होतं, सरकारी नोकरीची कागदपत्र तपासणी, तीन वर्षं अभ्यास करून पोरगी यादीत आलेली आणि कॉल लेटरवर ठळक अक्षरात छापलेलं की उशिरा येणाऱ्याला आत घेतलं जाणार नाही. ती काही बोलली नाही. फाईलची चेन उघडायची, मार्कशीट मोजायच्या, परत चेन लावायची, एवढंच चाललेलं तिचं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, सातारा स्टेशन साताऱ्यात नाही, ते माहुलीच्या बाजूला, गावापासून चांगलं पाच-सहा किलोमीटरवर आहे. दिवसा काही वाटत नाही, रिक्षा मिळतात. पण पहाटे पावसात अख्खी गाडी उतरल्यावर बाहेर उभ्या चार रिक्षा. पहिला विचार मी एसटीचाच केला, खरंच केला, आणि पुढं हे फार उपयोगाला आलं म्हणून मुद्दाम लिहितोय. स्टँडला पोचायला पाऊण तास धरा, तिथनं साडेपाच-सहाची पुण्याची गाडी, स्वारगेट साडेआठ, मग हडपसर. भाचीनं पण बोटांवर तेच मोजलं आणि म्हणाली, "मामा, नाही बसत."

तिथं एक जण सात सीटची गाडी घेऊन कुणाला तरी न्यायला आलेला, त्याची माणसं आलीच नव्हती. हडपसरचे ४,८०० म्हणाला. आमच्या डब्यात मिरजेला चढलेलं एक जोडपं होतं, जयसिंगपूरचं, बरोबर तीन वर्षांचं पोर, पोराला ताप आणि पुण्यात डॉक्टरची वेळ घेतलेली. त्यांना विचारलं, निम्मे निम्मे करूया का. वहिनींनी नवऱ्याकडं न बघताच हो म्हटलं आणि पोराला घेऊन गाडीत जाऊन बसल्या. सव्वापाचला निघालो.

खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि माझा मोबाईल वाजला. सहा वाजून बावीस मिनिटं. रेल्वेचा एसेमेस, तुमची गाडी साताऱ्यापर्यंतच धावेल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. गाडी कधीच सोडून आम्ही पन्नासेक किलोमीटर पुढं आलेलो आणि हे आत्ता सांगतायत. तो मेसेज मी तसाच ठेवला, स्क्रीनशॉट काढून ठेवला. का कुणास ठाऊक, पण त्याच वेळी मनात बसलं की हे असं सोडायचं नाही.

आठ वाजून पाच मिनिटांनी गेटवर होतो. भाची आत गेली आणि मी टपरीवर बसून पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मग ड्रायव्हरकाकांना म्हटलं, काका, एक चिठ्ठी लिहून द्या. त्यांना वाटलं मी भाड्यावरनं वाद घालतोय, कपाळाला आठ्या पडल्या, मग समजावून सांगितलं तर हसले आणि भाचीच्या वहीच्या कागदावर, स्टेअरिंगवर टेकवून, लिहून दिलं: सातारा स्टेशन ते हडपसर, रुपये ४,८०० मिळाले, खाली गाडीचा नंबर, तारीख, सही. कागदाला पावसाचे दोन थेंब लागलेत, सहीतलं एक अक्षर फुटलंय. तो कागद पुढं माझा सगळ्यात मोठा पुरावा झाला.

आता मुद्द्यावर येतो, कारण हे सगळं मी रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. आपल्या भागातली शेकडो माणसं दर आठवड्याला पुण्या-मुंबईला रेल्वेनं जातात, पावसाळ्यात आणि ब्लॉकच्या दिवसात हे असलं सगळ्यांच्याच वाट्याला येतं आणि सगळेजण एकाच ठिकाणी फसतात. तिकिटाचे पैसे परत मिळाले की भरपाई मिळाली असं समजतात. पण तिकिटाचे पैसे म्हणजे फक्त न मिळालेल्या प्रवासाचे पैसे. तुमच्या खिशातनं जे जास्तीचं गेलं त्याचा तिथं हिशोबच होत नाही, तो वेगळा मागायला लागतो आणि वेगळ्या दारात मागायला लागतो.

तिकिटाचं आधी उरकतो. गाडी पूर्ण रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप येतात, खिडकीवरचं तिकीट असेल तर तीन दिवसांच्या आत खिडकीवर नेऊन द्यायचं. गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही जायचंच नाही ठरवलं तर पूर्ण भाडं परत मिळतं, पण ऑनलाइन तिकीट असेल तर टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, गाडी तुमच्या स्टेशनवरनं सुटायच्या आधी भरला पाहिजे. लोक इथंच चुकतात. माझ्या एका मित्रानं मिरजेत पाच तास वाट बघून वैतागून एसटी धरली, दुसऱ्या दिवशी शांतपणे टीडीआर भरला आणि तो नामंजूर झाला. आणि एक गाडी बदलून पुढची धरायची असेल तर दोन्ही तिकिटं जोडून घ्या, १ एप्रिल २०१९ पासून ती सोय आहे, पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द करायचा आकार न कापता परत मागता येतात. हे किती जणांना माहिती आहे? मलाही नव्हतं.

मी टीडीआर त्याच दुपारी भरला, कारणात गाडी मुक्कामाच्या आधीच संपवली हे निवडलं. दोघांच्या स्लीपरचे पैसे महिन्याभरानं खात्यात आले, काही तक्रार नाही.

पण गाडीभाड्याचे माझ्या वाट्याचे २,४०० रुपये?

रेल्वेला पत्र लिहिलं. उत्तर आलं, दोन ओळींचं, तिकिटाचा परतावा दिलेला आहे, अन्य खर्चाची जबाबदारी नियमानुसार घेता येत नाही. सगळ्यांनी सांगितलं सोडून दे. चोवीसशे रुपयांसाठी रेल्वेशी कोण भांडतंय, वेळ जास्त जाईल, पेट्रोल जास्त जाईल. घरात फक्त आमचे अण्णा म्हणाले, "मागायला लाज कसली? तिकीट काय फुकट काढलंतं का?"

मग मी वाचायला बसलो आणि मला सुप्रीम कोर्टाचा ६ सप्टेंबर २०२१ चा निकाल सापडला. हा निकाल प्रत्येक प्रवाशानं माहिती करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. जून २०१६ मध्ये एक कुटुंब अजमेर-जम्मू गाडीनं निघालेलं, गाडी जम्मूला सकाळी ८.१० ला पोचायची ती बाराच्या सुमाराला पोचली, आणि त्यांचं श्रीनगरचं विमान बाराचंच होतं. विमान गेलं, त्यांनी टॅक्सी केली. ग्राहक मंचानं, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगानं, टॅक्सीचे १५,००० रुपये, बुकिंग वाया गेलं त्याचे १०,०००, मनस्तापाचे ५,००० आणि दाव्याच्या खर्चाचे ५,००० द्यायला सांगितले. रेल्वे एकेक पायरी चढत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, म्हणणं हेच की उशिराला आम्ही जबाबदार नाही असं आमच्या नियमात लिहिलंय. न्यायमूर्ती एम. आर. शहा आणि अनिरुद्ध बोस यांनी ते मानलं नाही. उशीर का झाला हे रेल्वेनं सांगायला पाहिजे, तो आपल्या हाताबाहेरचा होता हे पुराव्यानं दाखवायला पाहिजे, आणि ते दाखवता आलं नाही तर भरपाई द्यायला लागेल, असा त्याचा अर्थ. म्हणजे कारण सिद्ध करायचं ओझं प्रवाशावर नाही.

वाचून आधी आनंद झाला आणि मग पोटात खड्डा पडला, कारण माझ्या बाबतीत कारण खरंच हाताबाहेरचं होतं. दरड. पाऊस. घाटात माती आली ती काय कुणी आणून टाकली नव्हती. रात्री पावसात तिथं फावडी घेऊन उतरलेल्या माणसांना मी काय म्हणून दोष देऊ? दोन दिवस त्या विचारात गेले. एका वकील मित्राकडं चहाला गेलो, त्याला सगळी रात्र मिनिटामिनिटानं सांगितली, तो ऐकत होता, मध्येच म्हणाला, थांब, गाडी साताऱ्यात कितीला आलेली? म्हटलं तीनला. आणि सांगितलं कधी? पावणेपाचनंतर. मग तो म्हणाला, "पाऊस त्यांच्या हातात नव्हता रे, पण स्पीकर तर हातात होता."

तिथनं माझी तक्रार सरळ झाली. दहा रुपयांचं शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज टाकला, तीनच प्रश्न: घाटातली लाईन किती वाजता बंद झाली, गाडी साताऱ्यात संपवायचं किती वाजता ठरलं, प्रवाशांना किती वाजता सांगितलं. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं, आणि नीट आलं, हेही सांगितलं पाहिजे. लाईन बंद १.०५. गाडी संपवायचा निर्णय ३.२०. घोषणा ४.५०.

ते आकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो. १.०५ ला आमची गाडी कराडच्याही अलीकडं होती. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला, तिथनं हायवेवर आलं की कोल्हापूर, सांगली, बेळगावकडनं पुण्याला जाणाऱ्या गाड्या रात्रभर मिळतात, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहिती असतं. ते सोडा, लाईन मोकळी होईल अशी आशा असेल त्यांना. पण ३.२० ला ठरलेलं होतं. तेव्हा जरी सांगितलं असतं तरी हायवे गाठून चारची लांब पल्ल्याची एसटी धरली असती, साडेसहा-सातला स्वारगेट, दोघांचे पाचशे रुपयेसुद्धा झाले नसते. दीड तास आम्ही बंद खिडक्यांच्या आत बसून राहिलो, पोरगी मार्कशीट मोजत, ते तापाचं पोर कण्हत, आणि कुठल्यातरी खोलीत ही गाडी संपलेली होती.

मी रेल्वेवर राग धरणारा माणूस नाही. लहानपणापासून मिरज जंक्शन म्हणजे आमची शान. एप्रिल २०१६ ला मिरजेतनं लातूरला पाण्याची पहिली गाडी गेली, दहा टँकर, प्रत्येकात ५० हजार लिटर, तेव्हा मुलाला खांद्यावर घेऊन बघायला गेलतो आणि डोळ्यात पाणी आलेलं माझ्या. तहानलेल्या गावाला रुळावरनं पाणी पोचवणारी ही व्यवस्था आहे, तिच्याकडनं एका घोषणेची अपेक्षा केली तर ती जास्त नाही. युरोपात एक तास उशिराला तिकिटाचे पाव पैसे आणि दोन तासांना निम्मे असा कायदाच आहे, आणि आपल्याकडंही २०१९ ला सुरू झालेल्या लखनौ-दिल्ली तेजसला एका तासाला १०० आणि दोन तासांना २५० रुपये द्यायची पद्धत होती. साध्या गाडीच्या प्रवाशाला असला तक्ता नाही, त्यानं ग्राहक आयोगात जायचं.

आणि आयोगात जाणं वाटतं तेवढं अवघड नाही. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मला सांगलीतच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागतोच असं नाही, मित्रानं फक्त मसुदा बघून दिला. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. ऑनलाइनही भरता येते, मी मात्र कागद घेऊन गेलो, कारण मला तिथल्या बाईंना विचारायचं होतं, आणि त्यांनी अगदी बहिणीसारखं प्रतिज्ञापत्र कुठं लावायचं, पानांना नंबर कसे टाकायचे, किती प्रती लागतील ते सांगितलं. लावलेले कागद: तिकीट, कॉल लेटर ज्यावर साडेआठची वेळ आहे, गाडी कुठं आहे ते दाखवणारे रात्रीचे स्क्रीनशॉट, रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर केलेल्या तक्रारीचा नंबर, तो सहा बावीसचा एसेमेस, ड्रायव्हरकाकांची चिठ्ठी, ४,८०० चं यूपीआय, माहिती अधिकाराचं उत्तर.

आणि अजून एक कागद. जयसिंगपूरच्या दादांनी गाडीतच मला २,४०० पाठवलेले, त्याची नोंद. मित्र म्हणाला ही कशाला लावतोस, चिठ्ठी तुझ्याकडं आहे ४,८०० ची, पूर्ण माग. मला ते जमलं नाही. आपण समोरच्याला म्हणतोय तुम्ही खरं वेळेवर सांगितलं नाही, आणि आपणच निम्मं खरं झाकायचं? लावली. मागणी केली: २,४०० गाडीभाडं, १०,००० मनस्ताप, ५,००० खर्च.

समोरच्यांना लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस असतात, फार तर पंधरा वाढवून मिळतात. त्यांनी चाळिसाव्या दिवशी दिलं. तीन मुद्दे. एक, रेल्वेच्या परताव्याचे वाद रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलमध्ये जातात, इथं नाही. दोन, दरड नैसर्गिक. तीन, एसटी असताना खासगी गाडी केली ही तक्रारदाराची हौस. तिसरं वाचून हात थरथरले माझे. पण उत्तर शांतपणे दिलं. परतावा मला मिळालाय, तो मी मागतच नाही, मी सेवेतल्या त्रुटीचं मागतोय. दरडीबद्दल माझी तक्रार नाही, असं मी पहिल्याच पानावर लिहिलंय. आणि एसटीचा हिशोब, स्टेशन ते स्टँडचं अंतर, सकाळच्या गाड्यांच्या वेळा, हडपसरला पोचायची वेळ, सगळं मांडलं. म्हणून म्हणतो, असं काही घडलं तर त्या क्षणी स्वस्तातला पर्याय होता का हे बघा आणि नसेल तर का नव्हता ते लिहून ठेवा, महिन्यांनी कुणीतरी ते विचारणार असतं.

तारखा पडत गेल्या. पाच वेळा गेलो, दोनदा पुढची तारीख घेऊन परत आलो, तो कंटाळा लिहिण्यासारखा नाही.

मागच्या आठवड्यात निकाल आला. दरडीमुळं झालेल्या उशिराची भरपाई नाकारली, आणि ते मला मान्य आहे. पण ३.२० ते ४.५० या काळात प्रवाशांना न सांगणं ही सेवेतली त्रुटी असं स्पष्ट लिहिलंय. २,४०० गाडीभाडं, ३,००० मनस्तापाचे, २,००० खर्चाचे. सहप्रवाशानं दिलेली रक्कम तक्रारदारानं स्वतः उघड केली याचीही निकालात एका ओळीत नोंद आहे. ती ओळ मी अण्णांना दोनदा वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "झालं की मग."

पूर्ण झालं असं म्हणता येणार नाही, राज्य आयोगात अपील करायला त्यांना ४५ दिवस आहेत, त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरायला लागते. केलं तर मी तिथंही जाईन. भाची म्हणते रजा टाकून बरोबर येते, हो, ती नोकरीला लागली, साडेआठला पोचल्यामुळंच लागली.

निकालाचा फोटो जयसिंगपूरच्या दादांना पाठवलेला. ते तेव्हापासून म्हणत होते जाऊ दे हो, पोर बरं झालं बास. काल संध्याकाळी वहिनींचाच फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, आमचे पण चोवीसशे गेलेत की. आम्हाला करता येतंय का अजून?" तारीख मोजली, सतरा महिने झालेत, म्हणजे सात महिने शिल्लक आहेत. त्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, त्यांना कोल्हापूरला करता येईल. रात्री बसून सगळे कागद स्कॅन केले, माहिती अधिकाराचं उत्तर, एसेमेस, काकांची चिठ्ठी, आणि त्यांनी मला पाठवलेल्या २,४०० ची नोंद, जी आता त्यांचा पुरावा आहे. फक्त पोराच्या डॉक्टरचा त्या दिवशीचा कागद त्यांच्याकडं सापडायचाय, वहिनी आज कपाट काढणार आहेत.